सॉल होओपीई आणि हवाईयन स्टील गिटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हवाईयन गिटार वाजवतो हे कळलं की लोकांचे मेसेज सुरू होतात, आणि सॉल होओपीईचं एखादं रेकॉर्डिंग कुणाला पाठवलं की मग तर विचारूच नका, कोण हा, कुठला, एवढं फास्ट कसं वाजवतो, ही गिटार कुठे मिळते. तेच ते प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढचे वाजवणाऱ्यांचे. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हा सॉल होओपीई नक्की कोण?

हवाईतल्या होनोलुलूमध्ये १९०२ साली जन्मलेला स्टील गिटार वादक. तरुणपणीच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला, लॉस एंजेलिसला स्थिरावला, १९२० आणि ३० च्या दशकात भरपूर रेकॉर्डिंग केलं, हॉलिवूडच्या सिनेमांत वाजवलं, आणि १६ नोव्हेंबर १९५३ ला सिएटलमध्ये गेला. वय फक्त ५१.

त्याच्या आधीही मोठे वादक होते (प्रश्न ४ आणि ८ बघा). पण तेव्हा बाहेरच्या लोकांच्या डोक्यात हे वाद्य म्हणजे संथ, गोड, समुद्रकिनारी संध्याकाळी ऐकायचं असं बसलं होतं, आणि या माणसाने ते उचलून थेट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या पंगतीला नेऊन बसवलं. तरी दोन सूर ऐकले की कळतं हा हवाईचा माणूस आहे. मला त्याचं जे वेड आहे ते यासाठी.

२. नाव कसं उच्चारायचं? आणि सॉल के. ब्राइट तो हाच का?

सॉल म्हणजे सॉलोमन. आडनावासारखं जे वापरलं जातं ते हो-ओपि-ई, मध्ये दोनदा घशात किंचित थांबायचं, हवाईयन भाषेत त्या थांब्याला अक्षराचाच मान आहे. रोमन लिपीत तो थांबा गाळून लिहितात म्हणून आपल्याकडे 'हूपी' असं काहीतरी होतं, ते टाळा. पूर्ण नाव सॉलोमन होओपीई काआइआइ.

सॉल के. ब्राइट हा वेगळा माणूस. तोही हवाईचा, तोही स्टील गिटार वाजवायचा, वयाने सात वर्षं लहान. ऑनलाइन दोघांची रेकॉर्डिंग एकमेकांच्या नावावर टाकलेली सापडतात त्यामुळे गोंधळ होतो, लेबलचा फोटो असेल तर तो आधी बघा.

३. स्टील गिटार म्हणजे स्टीलची बनवलेली गिटार ना?

नाही, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. स्टील म्हणजे डाव्या हातातला बार. गिटार लाकडाची असो, धातूची असो, तारांवरून स्टीलचा दांडा सरकवून वाजवता म्हणून ती स्टील गिटार. हवाईयन भाषेतलं नावही तेच सांगतं, कीका म्हणजे गिटार, किला म्हणजे स्टील, कीका किला.

गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तारा नेहमीच्या गिटारपेक्षा बऱ्याच उंच असतात, फ्रेटला (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना) टेकतच नाहीत, फ्रेट फक्त डोळ्यांना खूण म्हणून. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. ज्यांनी विचित्रवीणा जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल, तिथे काचेचा गोळा सरकवतात, इथे बार.

घरातल्या साध्या गिटारवर करून बघायचं असेल तर तारांच्या खाली खुंट्यांच्या बाजूला बसणारी उंच धातूची पट्टी मिळते, ती बसवली की तारा उचलल्या जातात. बार हलका घेऊ नका. हलका बार तारेवर नाचतो आणि खरखर येते, चांगला जड बार स्वतःच्या वजनाने तारेवर बसतो, दाबावा लागत नाही. दाबलात की सूर चढतो. माझे पहिले सहा महिने फक्त हे सोडवण्यात गेले.

४. हे वाद्य त्यानेच शोधलं असं वाचलंय, खरं का?

खरं नाही. शोधाचं श्रेय जोसेफ केकुकूला दिलं जातं. तो १८७४ चा, ओआहू बेटावरच्या लाइए गावचा. गोष्ट अशी सांगतात की शाळकरी वयात रुळांजवळून चालताना त्याने एक बोल्ट उचलला, तो गिटारच्या तारांवर घासला गेला आणि सूर असा काही घसरला की पोराला नादच लागला. मग कंगवा, चाकूची मागची बाजू असं करत करत शेवटी कामेहामेहा शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने नीट स्टीलचा बार बनवून घेतला. १९०४ मध्ये हवाई सोडली, अमेरिका आणि युरोपभर वाजवत फिरला, १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारला.

आणखी एक नाव येतं ते आपल्यासाठी खास आहे. गॅब्रिएल डेव्हियन. हा मूळचा हिंदुस्थानात जन्मलेला मुलगा, एका जहाजाच्या कप्तानाने त्याला उचलून नेलं आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होनोलुलूला पोचला, आणि तारेवर वस्तू सरकवून वाजवायचा अशा आठवणी त्या काळच्या लोकांनी सांगितल्या आहेत. आपल्याकडच्या वीणेची कल्पना त्याच्याबरोबर गेली का, यावर लोक अजून वाद घालतात.

माझं मत विचाराल तर तारेवर काहीतरी सरकवून बघणारी पोरं जगात कुठेही असतील, पण त्याची पद्धत बसवणं, बार घडवणं, आयुष्यभर ते वाजवत देशोदेशी फिरणं हे केकुकूने केलं. श्रेय त्याचंच.

५. तो जहाजात लपून अमेरिकेला गेला ही गोष्ट खरी आहे का?

हो, आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. एकवीस मुलांचं घर होतं म्हणतात. तीन वर्षांचा असताना हातात उकुलेले (चार तारांची छोटी गिटार) आलं, मग गिटार, आणि दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत स्टील. त्या काळचं होनोलुलू डोळ्यांसमोर आणा, प्रवासी जहाज आलं किंवा निघालं की धक्क्यावर बँड वाजतोय, गळ्यात फुलांचे हार घालतायत, गाणारे-वाजवणारे उभे आहेत. बंदराच्या गावात वाढलेल्या पोराला जहाज म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, आपल्या कोकणातल्या बोटीच्या दिवसांच्या आठवणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या असतील त्यांना हे कळेल.

१९१९ च्या सुमारास, वय सतरा, दोन मित्रांना घेऊन तो मॅटसोनिया नावाच्या जहाजात लपला. होनोलुलू ते सॅन फ्रान्सिस्को जवळपास ३,८०० किलोमीटर समुद्र, इतके दिवस लपून राहणं शक्यच नव्हतं, सापडले. पण तोपर्यंत प्रवाशांनी त्यांचं वाजवणं ऐकलं होतं, त्यांनीच वर्गणी काढून तिघांचं भाडं भरलं. सतराव्या वर्षी, खिशात काही नसताना, नुसत्या हातातल्या सुरांवर एक समुद्र ओलांडला.

६. पण एका अनोळखी मुलाला तिथे लगेच काम कसं मिळालं?

कारण तेव्हा अमेरिकेला हवाईच्या संगीताचं वेड लागलेलं होतं. १९१२ मध्ये ब्रॉडवेवर 'द बर्ड ऑफ पॅरडाइज' नावाचं नाटक आलं, त्यात हवाईयन वादक स्टेजवर होते, ते वर्षानुवर्षं गावोगाव फिरलं. मग १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा कालव्याच्या निमित्ताने प्रचंड मोठं प्रदर्शन भरलं, त्यात हवाईचा स्वतंत्र मंडप आणि तिथे रोज गाणं-वाजवणं, लाखो लोकांनी ते ऐकलं. त्यानंतर हवाईयन रेकॉर्डची विक्री इतकी वाढली की १९१६ च्या आसपास अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणाऱ्या रेकॉर्डमध्ये त्या होत्या. म्हणजे सॉल उतरला तेव्हा बाजार तयार होता.

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी, अमेरिकन सैनिकांच्या जोरावर, राणी लिलिउओकलानीला गादीवरून उतरवलं. १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन भाषेत शिकवणं बंद केलं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडून टाकली. ज्या लोकांचं राज्य आणि भाषा घेतली त्यांचीच गाणी तिकीट लावून ऐकली जात होती. सॉलची पिढी नेमकी त्यातली, शाळेत इंग्रजी आणि घरात हवाईयन. त्या पिढीसाठी गाणं हे पोटाचं साधन होतं आणि आपलं काहीतरी जपून ठेवायची जागाही होती.

७. लॉस एंजेलिसला त्याच्याबरोबर कोण वाजवायचं?

सॅन फ्रान्सिस्कोतलं मित्रांचं त्रिकूट फार टिकलं नाही. तो दक्षिणेला लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे ग्लेनवुड लेस्ली आणि लानी मॅकिंटायर यांच्याबरोबर नवं त्रिकूट जमलं. १९२५ पासून रेकॉर्डिंग सुरू झालं. रचना अगदी साधी, एक गिटार ताल धरून, एक उकुलेले, आणि वर सॉलची स्टील. ड्रम नाही, बास नाही. तरी इतकं भरलेलं वाटतं की पहिल्यांदा ऐकणारा विचारतो यात किती लोक आहेत.

लानी मॅकिंटायर हा पुढे स्वतःच मोठा झाला, जिमी रॉजर्स आणि बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांबरोबर त्याची रेकॉर्डिंग आहेत. त्याचा भाऊ डिक मॅकिंटायरही अव्वल स्टील वादक. डिकचा सूर गोल आणि शांत, सॉलचा धारदार, दोघांना पाठोपाठ ऐकून बघा.

८. त्याच्यावर कुणाकुणाचा प्रभाव होता? जॅझ तो कुठून शिकला?

आधी घरचं. हवाईत गाण्यात एक खास प्रकार आहे, पुरुष गायक आवाज चढवत चढवत एकदम वरच्या पातळीवर उडी मारतो आणि ती उडी लपवत नाही, आवाज फुटल्यासारखा होतो तोच त्याचा गोडवा. लेओ किएकिए म्हणतात. सॉलची स्टील ऐकताना हे डोक्यात ठेवा. तो खालच्या सुरावरून हार्मोनिकवर उडी मारतो, म्हणजे तळहाताची कड तारेवर अलगद टेकवून घंटीसारखा सूर काढतो, ती उडी गळ्यातली आहे. लहानपणी कानावर पडलेल्या गायकांची आहे.

त्याच्या आधीची स्टीलची पिढी म्हणजे केकुकू, पाले लुआ, फ्रँक फेरेरा. फेरेराच्या तर अमेरिकेत ढिगाने रेकॉर्ड निघाल्या होत्या. ही मंडळी चाल सरळ, गोड वाजवायची.

तिसरा धागा हापा हाओले गाण्यांचा, म्हणजे शब्द बहुतेक इंग्रजी, विषय हवाईचा, आणि ताल रॅगटाइमचा, फॉक्सट्रॉटचा, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन नाचगाण्यांचा. सनी कुन्या आणि जॉनी नोबल हे त्यातले मोठे रचनाकार. दोघांचं मिळून केलेलं 'हुला ब्लूज' १९१९ चं, आणि पुढे सॉलच्या हातून ते असं वाजलं की लोक त्याच्याच नावाने ओळखतात. त्यामुळे अमेरिकेत पोचल्यावरच त्याने पहिल्यांदा ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकला असं समजू नका. होनोलुलूच्या हॉटेलांत आणि नाचाच्या हॉलमध्ये ते सूर आधीच पोचले होते, जहाजांनी रेकॉर्ड यायच्या आणि खलाशी यायचे.

चौथा धागा जॅझ, आणि इथे त्याने पुढची झेप घेतली. 'फेअरवेल ब्लूज' ही रचना १९२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला आलेल्या तरुण जॅझवाल्यांनी रेकॉर्ड केली, आणि थोड्याच वर्षांत सॉल तीच रचना स्टीलवर वाजवत होता. मूळ बँडमध्ये कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट असे तिघं एकमेकांत विणून वाजवतात. सॉलकडे तीन माणसं नव्हती, त्याच्याकडे एक बार आणि तीन नख्या. मग ट्रॉम्बोनची घसरण बारने, क्लॅरिनेटची भरभर धावणारी ओळ एकेक तार उचलून, आणि ब्रासचे एकत्र सूर बार तिरका धरून, म्हणजे दोन तारांवर वेगवेगळ्या फ्रेटचे सूर एकाच वेळी. तिरका बार सुरात धरणं किती कठीण आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, बार केसभर हलला तरी एक सूर बरोबर आणि दुसरा बेसूर. हा माणूस ते पळत्या लयीत करतो.

९. त्याची घसरण आणि आपली मींड एकच का?

दिसायला एक, कानाला वेगळं. आपल्या मींडेत दोन सुरांमधला रस्ता महत्त्वाचा, गवई त्या रस्त्यावर रेंगाळतो, मधल्या श्रुतींना हात लावत जातो. सॉल बहुतेक वेळा सुराच्या किंचित खालून निघतो, पटकन वर पोचतो, आणि पोचल्यावर सूर कापतो. कापतो म्हणजे खरंच कापतो, उजव्या हाताचा तळवा तारेवर ठेवून आवाज बंद. ही जी मधली शांतता आहे तिच्यामुळे त्याची लय नाचरी लागते. आपल्याकडचे विद्यार्थी इथेच अडकतात कारण आपला कान सूर लांबवायला शिकलेला, आस संपू द्यायची नाही असं बाळकडू. मी शिकवताना आठवडाभर फक्त सूर बंद करायला लावतो.

संथ गाण्यात मात्र तो रेंगाळतो, आणि तिथे कंप हळू आणि रुंद देतो. म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही, कुठे काय करायचं ते ठरलेलं होतं.

१०. फोटोत त्याच्या मांडीवर चकचकीत चांदीसारखी गिटार आहे, ती कुठली?

नॅशनल कंपनीची ट्रायकोन. साधारण १९२७ ची गोष्ट. तेव्हा गिटारसाठी अॅम्प्लिफायर नव्हते, नाचाच्या हॉलमध्ये ब्रासपुढे गिटारचा आवाज बुडायचा. जॉर्ज बोशाँ नावाचा स्टील वादक आणि जॉन डोपेरा नावाचा वाद्यं बनवणारा कारागीर यांनी मिळून यावर उपाय काढला. धातूचं पोट, आत अॅल्युमिनियमचे पातळ तीन शंकू, वर टी आकाराची घोडी, तार छेडली की कंप घोडीतून शंकूंत आणि शंकू ग्रामोफोनच्या डायफ्रामसारखे आवाज बाहेर फेकतात. आवाज मोठा तर झालाच, पण लांबलाही.

यात सॉलचा थेट सहभाग आहे. बोशाँने नमुन्याची गिटार आणि सॉलचं त्रिकूट घेऊन टेड क्लाइनमायर नावाच्या श्रीमंत नातेवाइकाच्या पार्टीत हजेरी लावली, वाजवणं ऐकून त्याने कारखाना काढायला १२,५०० डॉलरचा चेक तिथेच लिहिला असं सांगतात. या गिटारच्या जन्माची ही गोष्ट, आणि त्या संध्याकाळी ती ज्याच्या हातात होती तो हा. वाद्याचं पोट कितीही हुशारीने बनवलं तरी पहिल्यांदा ते कोण वाजवतो यावर त्याचं नशीब ठरतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

११. मग तो इलेक्ट्रिकवर का गेला?

बोशाँ पुढे नॅशनलमधून बाहेर पडला आणि अॅडॉल्फ रिकनबॅकरबरोबर विजेवर चालणारी गिटार बनवायला लागला. १९३२ मध्ये ती बाजारात आली, ओतीव अॅल्युमिनियमची, गोल छोटं पोट आणि लांब दांडा, दिसायला तळणीच्या तव्यासारखी म्हणून तिला फ्राइंग पॅन असंच म्हणायचे. बाजारात आलेली ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार, आणि ती मांडीवरची हवाईयन गिटार होती, हे रॉकवाल्या पोरांना सांगितलं की त्यांना पटत नाही.

सॉल १९३० च्या दशकाच्या मध्याला इलेक्ट्रिकवर गेला. फायदा फक्त मोठ्या आवाजाचा नव्हता. ट्रायकोनवर सूर इलेक्ट्रिकपेक्षा लवकर विरतो म्हणून भरभर वाजवावं लागतं, इलेक्ट्रिकवर एकच सूर धरून ठेवता येतो, त्यामुळे लांब ओळी आणि भरगच्च कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर) शक्य झाले. मला स्वतःला ट्रायकोनचा काळ जास्त जवळचा, पण कारागिरी बघायची तर इलेक्ट्रिकची रेकॉर्डिंग ऐका, १९३८ चं 'ट्वेल्थ स्ट्रीट रॅग' ऐकून मी दोन दिवस गिटारला हात लावला नव्हता.

१२. त्याचं ट्यूनिंग कोणतं, म्हणजे तारा कुठल्या सुरांत लावायचा? सी शार्प मायनर म्हणजे काय?

सुरुवातीच्या काळातलं ए मेजर. जाड तारेपासून बारीककडे ए, सी शार्प, ई, ए, सी शार्प, ई. ए ला सा धरला तर सा ग प सा ग प. बार सरळ ठेवला की कुठेही मेजर कॉर्ड तयार. अडचण एवढीच की फक्त मेजरच तयार, बाकी सगळ्याला बार तिरका करा नाहीतर एक-दोन तारांवर भागवा.

नंतर त्याने सी शार्प मायनर म्हणून ओळखलं जाणारं ट्यूनिंग आणलं. जाडकडून बारीककडे बी, डी, ई, जी शार्प, सी शार्प, ई. आता ई ला सा धरा, म्हणजे प, कोमल नी, सा, ग, ध, सा. खालच्या चार तारा एकत्र वाजवा, प नी सा ग, हा झाला सेव्हन्थ कॉर्ड, ब्लूजचा जीव. वरच्या तीन वाजवा, ग ध सा, हा मायनर. मधल्या कोमल नीला सोडून बाकी घेतल्या तर प सा ग ध, म्हणजे सिक्स्थ, हवाईयन गोडवा. एकाच फ्रेटवर, बार जराही न हलवता, तीन रंग. जॅझला जे कॉर्ड लागतात ते हाताखाली आले. पुढे हे ट्यूनिंग अनेकांनी उचललं आणि त्यात फेरफार करत गेले.

लावताना एक काळजी घ्या. ए मेजरसाठी लावलेल्या तारांवर थेट हे ट्यूनिंग चढवू नका, काही तारा सैल पडतात काही ताणतात, तारेची जाडी बदलावी लागते. बारीक तार तुटली की हातावर येते.

१३. अमेरिकन ब्लूजवाले बाटलीचा तुकडा सरकवतात ते हवाईवरूनच आलं का?

या प्रश्नावर लोक भांडतात, आणि एका ओळीत उत्तर देता येत नाही. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने आपल्या आठवणींत लिहिलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीत टटवायलर स्टेशनवर एक कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवत होता, आणि ते तंत्र हवाईयन गिटारवाल्यांनी लोकप्रिय केलेलं असं तो तिथे जोडतो. हवाईयन मंडळी १८९० च्या दशकापासून अमेरिकेत फिरत होती हेही खरं. पण भिंतीला एक तार ठोकून त्यावर काहीतरी सरकवायची आफ्रिकन वळणाची परंपराही दक्षिणेत होती. मला वाटतं दोन्ही पाणी एकत्र आलं. सॉलच्या बाबतीत उलटा प्रवाह स्पष्ट आहे, त्याने ब्लूज घेतला आणि स्टीलवर आणला (प्रश्न ८).

१४. ऐन भरात असताना त्याने सगळं का सोडलं?

१९३८ मध्ये तो एमी सेंपल मॅकफर्सन या ख्रिस्ती धर्मप्रचारिकेबरोबर गेला. बाई फार मोठ्या, लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं एंजेलस टेंपल नावाचं हजारो लोक बसतील असं चर्च, स्वतःचं रेडिओ स्टेशन, आणि प्रार्थनेत संगीताचा भरपूर वापर. सॉलने नाइटक्लब आणि सिनेमाचं काम मागे टाकलं आणि पुढे प्रार्थनासभांमध्ये वाजवत फिरला, भक्तिगीतं रेकॉर्डही केली.

त्याचे चाहते यावर हळहळतात. मीही आधी हळहळायचो. पण ज्यांच्या घरात एखादा गवई उतारवयात मैफल सोडून फक्त देवळात अभंग गायला लागलेला पाहिलाय त्यांना हे इतकं परकं वाटणार नाही. आणि त्याने वाजवणं सोडलं नाही, जागा बदलली. 'वारकऱ्यांसारखं झालं म्हणा' असं माझ्या आईने ऐकून म्हटलं होतं, मला त्याहून चांगलं सांगता येत नाही.

१५. तो सिनेमात दिसतो का?

'बर्ड ऑफ पॅरडाइज' १९३२, 'फ्लर्टेशन वॉक' १९३४, 'वायकीकी वेडिंग' १९३७, यांच्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पहिल्याचं मूळ ते प्रश्न ६ मधलं नाटकच. पडद्यापेक्षा साउंडट्रॅककडे लक्ष द्या.

१६. त्याच्यानंतर त्याचं कोण चालवतं?

अमेरिकेतल्या कंट्री आणि वेस्टर्न स्विंगच्या स्टील वादकांनी त्याच्या रेकॉर्ड घासून घासून ऐकल्या. जेरी बर्ड हा ओहायोचा गोरा मुलगा, हवाईयन स्टील ऐकून वेडा झाला, नॅशव्हिलला नाव कमावलं, आणि १९७० च्या दशकात हवाईलाच राहायला गेला. तेव्हा हवाईत नवीन पोरं हे वाद्य हातात घेत नव्हती, जेरीने तिथे बसून शिष्य तयार केले. घेतलं त्या मातीला परत दिलं, त्यामुळे या माणसाबद्दल मला फार आदर आहे. बॉब ब्रोझमन या अमेरिकन गिटारवादकाने ट्रायकोनची ही जुनी शैली १९७० नंतर पुन्हा लोकांसमोर आणली.

१७. भारताशी काही संबंध? आपल्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार त्याच्यामुळेच आली का?

वाद्य तेच, रस्ता वेगळा. भारतात हे रुजवण्यात टाऊ मो या वादकाचा मोठा वाटा. जन्म सामोआचा, वाढला लाइएला, म्हणजे केकुकूच्याच गावात. बायको रोझबरोबर जगभर गाणी-वाजवणं करत फिरला आणि १९४० च्या दशकात काही वर्षं कलकत्त्याला राहिला, तिथे शिकवलं. गार्नी निस हा तिथला वादक त्याचा शिष्य.

मग कलकत्त्यात सुनील गांगुली आणि मुंबईत व्हॅन शिप्ले, हजारा सिंग. ज्यांचं लहानपण रेडिओजवळ गेलंय त्यांना हिंदी गाण्यांच्या चाली गिटारवर वाजवलेल्या त्या रेकॉर्ड आठवतील, बातम्यांआधी दोन-तीन मिनिटं उरली की लागायच्या. माझ्या कानात हे वाद्य पहिल्यांदा शिरलं ते असंच, सॉलचं नाव पुढे पंचवीस वर्षांनी कळलं.

शास्त्रीय संगीतात पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर घेऊन त्यात चिकारीच्या तारा जोडल्या, उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली, आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर घराघरात पोचवली.

१८. सुरुवात कुठल्या रेकॉर्डिंगपासून करू?

आधी 'हुला ब्लूज'. मग एखादं संथ हवाईयन गाणं, शब्दांसकट, म्हणजे प्रश्न ८ मधली गळ्याची गोष्ट कळेल. मग 'फेअरवेल ब्लूज'. इलेक्ट्रिक सगळ्यात शेवटी. हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्या वेळी स्टीलकडे लक्षच देऊ नका, मागची उकुलेले आणि तालाची गिटार ऐका. त्या दोघांनी जमीन किती घट्ट धरली आहे हे कळलं की सॉल एवढा मोकळा का उडतो ते आपोआप कळतं.

१९. रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला बसलो तर माझी गिटार कधीच जुळत नाही, ट्यूनर तर बरोबर दाखवतो?

ट्यूनर बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात. त्या जुन्या ७८ च्या तबकड्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, सगळ्या अगदी ७८ च्या वेगाने कापलेल्या नसायच्या, आणि नंतर डिजिटल करतानाही ज्याने जसा वेग ठेवला तसा स्वर बसला. त्यामुळे एकच रेकॉर्डिंग दोन ठिकाणी दोन वेगळ्या स्वरांत सापडतं, कधी पाव सुराने चढं, कधी उतरलेलं. सॉफ्टवेअरमध्ये वेग किंचित कमी-जास्त करून आधी ते ए वर आणा आणि मग वाजवा. नेमकं कुठे थांबायचं ते कसं ओळखायचं? मोकळ्या तारेचा सूर शोधा. बार न लावता छेडलेली तार वेगळी वाजते, जास्त उघडी, जास्त चमकदार, आणि त्यात कंप अजिबात नसतो. ए मेजरच्या काळातल्या रेकॉर्डिंगमध्ये तो सूर बऱ्याचदा पहिल्या काही ओळींतच येतो. तो सापडला आणि तुमच्या मोकळ्या तारेशी जुळवला की पुढचं सगळं जागेवर बसतं.